बारा बोअरच्या काडतुसांचा चामडी पट्टा: घरं ढिली काहून पडतात?

रापी_आरी
राम राम मंडळी. पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. घाटंजीकडे आमचं चामड्याचं दुकान आहे, आजापासूनचं. जोडे, कंबरपट्टे, पोळ्याच्या आधी बैलांचे घुंगरांचे पट्टे, हे सगळं जमते. तीन महिन्याआधी एक काका आले, फौजेतून रिटायर झालेले, आता शेती करतात, शेतसंरक्षणाचा बंदुकीचा परवाना आहे. त्यांना बारा बोअरच्या काडतुसांचा कंबरेचा पट्टा पाहिजे होता, पंचवीस घरांचा. (लूप म्हणा, आम्ही घर म्हणतो.) जुना पट्टा कापडी होता, तो उंदरांनी खाल्ला. मी म्हटलं घुंगरांचा पट्टा करतो तर हे काय मोठं काम. इथंच फसलो बापा.

पहिल्या खेपेला घरांची पट्टी पट्ट्याएवढीच लांब कापली, बारा घरं झाली अन् पट्टी संपली. हसा. मग जोड देऊन पुरं केलं. काकांनी नमुन्याला चार रिकामी खोकी (बार उडालेल्या काडतुसांची टरफलं) दिली होती, ती घालून ओलं चामडं आवळून शिवलं, सावलीत वाळवलं, खोकं असं फिट्ट बसे की बोटानं ढकलावं लागे. काका खूश होऊन घेऊन गेले. आठ दिवसांनी परत हजर. भरलेलं काडतूस घातलं की ढिलं, बांधावरून उडी मारली की वर उसळते, दोन तुरीत पडली ती टॉर्च घेऊन पहाटेलोक शोधली म्हणे. अन् परवा पुन्हा आले तर पितळेवर हिरवा चिकट थर, एक काडतूस तर घरातून निघेचना. "तू चामड्याले लावलं काय बे?" मी फक्त जवसाचं तेल लावलं होतं, चांगलं दोन हात.

कोणी केला आहे का असा पट्टा? ढिलं काहून झालं अन् हिरवं काहून झालं, एवढंच सांगा. काका रोज दुकानावरून जातात, मी रोज मान खाली घालून आरी चालवतो.

कापूसकोंड्या
पहिला नंबर माझा. चामड्यातलं काही कळत नाही, पण तुरीत पडलेली दोन्ही सापडली ना? नाहीतर सवंगणीला बायांच्या इळ्याखाली यायची.

रापी_आरी
सापडली. काकूंनी शोधली. तेव्हापासून काकूही माझ्याशी बोलत नाहीत.

बंडू_दर्यापूरवाला
एवढ्या भानगडीपेक्षा ऑनलाइन इलॅस्टिकचा मागव ना भाऊ, तीन-चारशेत येते. चामडं गेलं आता.

रिटायर्ड_हवालदार
बंडूभाऊ, इलॅस्टिकचा पट्टा मी वापरला आहे. पहिला उन्हाळा छान जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत रबर मरते, मग काडतूस नुसतं लटकते. असो.

रापी_आरी, तुमच्या गोष्टीत नमुन्याला रिकामी खोकी दिली, तिथंच पाणी मुरते. बार उडाला की खोकं आतल्या दाबानं नळीच्या भिंतीला जाऊन भिडते, प्लास्टिक असलं तरी पूर्ण मूळ मापावर येत नाही. अन् तोंडाला दुमडून बंद केलेलं असते ते उघडून बाहेर फाकते. म्हणजे तुम्ही घरं मापली ती फुगलेल्या खोक्यावर, अन् घातलं न फुगलेलं काडतूस. ढिलं होईल नाही तर काय.

आणखी एक गंमत. डब्यावर ७० मिमी लिहिलेलं असते ना, ती लांबी बार झाल्यानंतर उघडलेल्या खोक्याची आहे. भरलेलं काडतूस त्याहून बोटभर तरी आखूड असते, साठच्या आसपास. त्यामुळे तुम्ही घराची रुंदीही जास्त धरली असणार, म्हणजे काडतूस घरात बुडून बसत असेल अन् वर पकडायला फक्त रिमच (बुडाची पितळी कड) उरत असेल. खरं की नाही?

रापी_आरी
हवालदार काका, तुम्ही दुकानात येऊन पाहून गेले काय? घर सव्वादोन इंच रुंद केलं होतं. मी समजलो जेवढं जास्त झाकलं तेवढं बरं.

रिटायर्ड_हवालदार
सव्वा ते दीड इंच बस झालं. मधला भाग आवळला की काम झालं, वर-खाली मोकळं राहू द्या. अन् काडतूस घालताना पितळ वर. रिम साडेबावीस मिमीची असते, अंग साडेवीसचं, म्हणजे खाली सरकलं तरी रिम घरावर अडते. उलटं घातलं तर अडवायला काहीच नाही.

अन् एक सांगून ठेवतो. मापासाठी भरलेलं काडतूस दुकानात ठेवून घेऊ नका. परवाना काकांचा आहे, तुमचा नाही, एक जरी सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली केस होते. त्यांनी खोकी दिली ते त्याचसाठी, माणूस शहाणा आहे. पण ती चार खोकीही आता त्यांना मोजून परत करा, फौजेत खोक्याचाही हिशोब द्यावा लागते, ती सवय चांगली आहे.

रापी_आरी
मग माप कशावर घेऊ? खोकं चालत नाही, काडतूस ठेवता येत नाही.

फिटर_आयटीआय_मूर्तिजापूर
सोप्पं. काकांनाच चहाला बोलव. काडतूस त्यांच्याच हातात राहू दे, तू व्हर्नियर लाव अन् तीन जागी माप घे, रिमच्या खाली, मध्ये, तोंडाजवळ. तोंडाकडे ते पाव-अर्धा मिमी बारीक असते, डोळ्याला दिसत नाही. मग खराद्याकडून त्याच मापाच्या लाकडी गुल्ल्या काढून घे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणारे सुतार आपल्याकडे गावोगावी आहेत, त्यांना श्रावणाच्या आधी गाठ, नंतर ते कोणाचं ऐकत नाहीत.
मी असतो तर गुल्ली अर्धा मिमी बारीक करायला सांगितली असती. चामडं वापरून सैल होतेच.

झाडीचा_पोट्टा
लाकडी गुल्ली म्हटलं अन् मले राहवलं नाही. वडसा इथून लिहून राहिलो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा सीझन, रात्री सुरू झालेलं नाटक सकाळी कोंबड्यालोक. डाकू असलेलं नाटक लोकांना लय आवडते, अन् डाकू आला की दोन पट्टे पाहिजेत, छातीवर फुली मारलेले. आमच्या कंपनीत पट्टा रेग्झिनचा अन् काडतुसं सागवानाची, खाली सोनेरी रंग मारलेला. एका खेपेला डाकूनं रागात छाती ठोकली अन् आठ-दहा काडतुसं उडून समोर ऑर्गनवाल्यापाशी घरंगळत गेली. ऑर्गनवाला बिचारा एका हातानं वाजवून राहिला, दुसऱ्यानं काडतुसं गोळा करून स्टेजवर देऊन राहिला. "घ्या सरदार." पब्लिकनं वन्स मोअर दिला.
मुद्दा असा की रेग्झिन ताणते अन् परत येत नाही. रापीभाऊ, तुमचा पट्टा जमला तर आम्हाले चार पाहिजेत.

कापूसकोंड्या
"घ्या सरदार" 😂😂 माझ्याकडूनही वन्स मोअर.

सेलूची_सून
माझ्या आजेसासऱ्यांचा असा पट्टा अजून आमच्या घरी आहे. ते मालगुजारीतले, शिकारीचा नाद होता म्हणतात. पुढे बंदूक गेली, पट्टा राहिला, अस्सल जाड चामडं, तीस घरं. आता गंमत ऐका. सेवाग्राम आमच्यापासून जवळ, आजेसासूबाई चरखा चालवायच्या, रोज. त्यांनी तो पट्टा खुंटीला आडवा टांगला अन् प्रत्येक घरात कापसाचा एक एक पेळू खोचून ठेवायच्या. सूत कातताना हात वर करायचा अन् पेळू काढायचा. आम्ही सगळे फोटो पाहून हसतो, गोळीच्या जागी पेळू! गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन आलेल्या होत्या, त्यामुळे त्या तो जोक समजून करायच्या की नुसती सोय म्हणून, कोणालाच माहीत नाही.
रापी_आरी दादा, त्या पट्ट्याची पट्टी एकसंध आहे, जोड कुठेच नाही. अन् एक पाहिलं, पट्टी पट्ट्यावर नुसती शिवलेली नाही, पट्ट्याला उभ्या चिरा आहेत अन् पट्टी त्या चिरांतून खाली जाते, वर येते, विणल्यासारखी.

पंचगंगाकाठ
हां, आता मुद्द्याचं बोललात ताई. चिरेतनं ओवायची ती जुनी पद्धत, दिसायला लई झ्याक, पण पट्ट्याला पन्नास चिरा पाडायच्या म्हणजे पट्टा कमजोर करायचा. चामडं चार मिमीचं असंल तर करा, तीनचं असंल तर करू नका, चिरेच्या टोकापासनं फाटतंय. टोकाला आधी गोल भोक पाडून मग दोन भोकांमधी चीर मारली तर फाटत नाही, ही आमची युक्ती.

आता तुमच्या पट्टीचं गणित. गोल वस्तूवरनं पट्टी गेली की ती सरळ अंतरापेक्षा जास्त खाती. वीस-साडेवीस मिमीच्या गुल्लीवरनं, दोन मिमी जाड चामडं, एका घराला साधारण पाच सेंमी पट्टी लागणार, वर शिलाईला चार मिमी. पंचवीस घरं म्हणजे सव्वाशे आणि दहा, एकशे पस्तीस. आणि पट्ट्यावर तेवढी घरं बसणार पासष्ट सेंमीच्या आसपास. म्हणजे दुपटीहून जास्त. तुम्ही पट्टी पट्ट्याएवढीच कापली म्हणून बाराव्या घराला संपली, हिशोब बरोबर जुळतोय बघा. आमच्याकडं पोरांना सांगतो, आधी कागदाची पट्टी काप, गुल्लीवर गुंडाळ, मग रापी उचल.

दुसरं, चामडं कुठलं वापरलं? पाठीचं का पोटाचं? पोटाचं चामडं ओलं केलं की हवं तसं वळतंय, म्हणून नवखा माणूस तेच घेतो, आणि ते वाळल्यावर हळूहळू पसरतंय. घरांना पाठीचंच पायजे. आणि क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारानं कमावलेलं) नको, बाभळीची साल नाहीतर हिरड्यानं कमावलेलं घ्या, तेच ओलं करून साच्यावर बसवलं की आकार धरतंय. क्रोमचं चामडं वाळलं की परत आपल्या मूळ आकारात.

रापी_आरी
पोटाचं. 🙏 मलेच दोन थोबाडीत द्याव्या वाटून राहिल्या.

बंडू_दर्यापूरवाला
कोल्हापूरकर आले की चामड्यावर पीएचडी देऊनच जातात.

पंचगंगाकाठ
२०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय राव, थोडा माज चालतोय. तेवढा.

विज्ञानवाली_मॅडम_यवतमाळ
हिरव्या थराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते, ते आम्लधर्मी. वरून तुम्ही तेल लावलं, तेलातली मेदाम्लं सुटी होतात. पितळ म्हणजे तांबे अन् जस्त. ओलावा आला की ही आम्लं तांब्याशी अभिक्रिया करतात अन् हिरवा, मेणासारखा चिकट पदार्थ तयार होतो, तांब्याचा साबणच म्हणा. आपल्या घरी तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवत नाहीत ना, तसंच. म्हणजे काकांना "तू काय लावलं" याचं खरं उत्तर "थोडं मी लावलं अन् थोडं चामड्यातच होतं" असं आहे.
पंचगंगाकाठ यांनी सांगितलेलं चामडं आकाराला बरोबर आहे, पण तेच पितळेला जास्त हिरवं करेल हेही लक्षात घ्या.
अन् जवसाचं तेल चामड्याला कधीच नको. ते वाळणारं तेल आहे, हवेत कडक होते, म्हणून तर ते रंगात अन् लाकडाला वापरतात. चामड्यात गेलं की आत कडक होऊन पुढे भेगा पडतात.

कापूसकोंड्या
मॅडम, आमच्या वडिलांनी बंडीच्या जुवाला आयुष्यभर जवसाचंच तेल लावलं, काही भेगा नाही पडल्या.

विज्ञानवाली_मॅडम_यवतमाळ
जू लाकडाचं असते दादा. तुमच्या वडिलांचं बरोबरच होतं.

कापूसकोंड्या
🙏 बसतो खाली.

धुळ्याचा_जावई
मग लावायचं काय? आमच्याकडे मोटेच्या नाड्याला एरंडेल लावत असत असं आजोबा सांगायचे.

पंचगंगाकाठ
एरंडेल ठीक, पण पट्ट्याला बाहेरनं, एकच हात, तेही कोमट करून. घरांच्या आतल्या बाजूला तेल अजिबात नको, तिथं मेण चोळा. जास्त तेल पाजलं की चामडं मऊ पडतंय आणि ढिलाई तिथनंच सुरू होती.

इतिहासाचा_किडा
मूळ अकोला, सध्या पुणे. हा हिरव्या थराचा त्रास काही रापी_आरींचा एकट्याचा नाही. अमेरिकेत १८६० च्या दशकात धातूची काडतुसं आली अन् सैनिक स्वतःच चामड्याचे लूपवाले पट्टे शिवून घेऊ लागले. आन्सन मिल्स नावाच्या अधिकाऱ्याने १८६७ मध्ये अशा पट्ट्याचं पेटंट घेतलं. चामड्यात काडतुसांवर हाच हिरवा थर चढून ती अडकायची, म्हणून त्याच माणसाने पुढे घरांसकट एकसंध विणलेला सुती पट्टा काढला. थोडक्यात, काकांचा उंदरांनी खाल्लेला कापडी पट्टा हा तांत्रिकदृष्ट्या पुढचा टप्पा होता अन् तुम्ही त्यांना दीडशे वर्षं मागे नेलं.
जाताजाता, काडतूस हा शब्द पोर्तुगीज कार्तुशवरून आलेला आहे.

झाडीचा_पोट्टा
किडाभाऊ, अमेरिकेच्या कापसात उंदीर नव्हते काय बे?

सेलूची_सून
आमच्या पट्ट्यात पेळू होते म्हणूनच हिरवा थर नाही वाटते. 😄

रिटायर्ड_हवालदार
किडासाहेबांचं बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा. चामडं वाईट नाही, सवय वाईट. पट्टा हा काडतुसं वागवायसाठी आहे, ठेवायसाठी नाही. जागलीवरून आलं की काडतुसं काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायची अन् डब्यात कुलपात. पट्टा खुंटीला रिकामा. काका फौजेतले असून महिनाभर पट्ट्यातच ठेवली असतील तर त्यांनाही दोन शब्द ऐकवा, माझं नाव सांगा. आमच्या वेळी कागदी खोक्याची काडतुसं होती, पावसाळ्यात ती फुगून नळीतच जायची नाहीत, त्यामुळे आम्हाला कोणी सांगावं लागलं नाही.
वजनाचंही सांगतो. एक काडतूस पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर, पंचवीस म्हणजे सव्वा किलो. कंबरेला सव्वा किलो चालते, पण त्यासाठी पट्टा दोन इंचाहून अरुंद नको, नाहीतर कुल्ल्यावर काचते.

गोंडपिपरीचा_गडी
आमच्याकडे रोही अन् डुकरांनी चणा झोपवला पार. परवाना काढला तर डुक्कर मारता येते ना? कोणी प्रोसेस सांगा.

रिटायर्ड_हवालदार
बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, दोन्ही वेगळे. जनावराची परवानगी वनखात्याकडून घ्यावी लागते, तीही लेखी. आधी तिथं अर्ज करा. अन् यासाठी वेगळा धागा काढा, इथं चामडं चालू आहे.

फिटर_आयटीआय_मूर्तिजापूर
शिलाई मशीनवर केली होती की हातानं?

रापी_आरी
मशीनवर. जोड दिला तिथं तीन घरं उसवलीही, लिहायचं राहिलं.

पंचगंगाकाठ
राहिलं?? अहो मशीनची शिलाई एक टाका तुटला की पुढं पळती. घरांना हातानंच, एक मेणदोरा, दोन सुया, एकाच भोकातनं दोन्हीकडनं. एक टाका तुटला तरी बाजूचा धरून ठेवतोय. भोकं सारखी पडायला जेवणाचा काटा चमचा घ्या, गरम नको करू, नुसता दाबून खुणा करा, मग आरी. बायकोला विचारून घ्या मात्र.

रापी_आरी
(दीड महिन्यानं) मंडळी, धागा वर काढून राहिलो, माफ करा. तुमचं सगळं ऐकलं.

काकांना चहाला बोलावलं. त्यांनी काडतूस हातात धरलं, मी व्हर्नियर लावला (फिटरभाऊ, मेव्हण्याचा आणला), रिमखाली साडेवीस अन् तोंडाशी सव्वावीस भरलं. आमच्या गावच्या सुताराकडून वीस मिमीच्या सहा गुल्ल्या काढल्या, त्यानं पैसे नाही घेतले, बैलांच्या पट्ट्याच्या घंट्या शिवून मागितल्या. म्हशीचं पाठीचं चामडं नागपूरहून आणलं, सालीनं कमावलेलं, पट्ट्याला साडेतीन मिमी अन् घरांना दोन. मग कागद गुंडाळला. पंचगंगा भाऊ, माझी पट्टी १३८ सेंमी लागली, तुमच्या गणितापेक्षा तीन जास्त, ते मी शेवटी टोकं दुमडली त्याचे. एकसंध. सहाच गुल्ल्या होत्या म्हणून सहा-सहा घरं करत गेलो, ओलं करायचं, गुल्ली घालायची, शिवायचं, एक दिवस वाळू द्यायचं, मग पुढचे सहा. चार दिवसात चोवीस झाले अन् पंचविसावं पाचव्या दिवशी एकटंच. काटा चमचा एक वाकला. बायकोला अजून माहीत नाही.

चिरा नाही पाडल्या, हिंमत नाही झाली, शिवूनच बसवलं. आतून मेण, बाहेरून एरंडेल एक हात. काका आले, पंचवीसही काडतुसं घातली, दुकानासमोर तीन उड्या मारल्या. त्रेसष्ट वर्षांचा माणूस! एकही हललं नाही. हिरव्या थराचंही सांगितलं, हवालदार काकांचं नाव घेऊन, डब्यात ठेवा म्हटलं. तर म्हणते, "मले नको शिकवू, फौजेत होतो मी." पण दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून बिस्किटाचा रिकामा डबा नेताना दिसले.

रिटायर्ड_हवालदार
शाब्बास. आता मान वर करून आरी चालवा.

सेलूची_सून
फोटो टाका ना दादा.

रापी_आरी
टाकतो ताई, पण काडतुसाशिवायचा. त्याचीच तर मजा झाली. पट्टा दिला त्याच आठवड्यात निवडणूक लागली, आचारसंहिता, काकांची बंदूक काडतुसांसकट ठाण्यात जमा. निकाल लागेपर्यंत पट्टा रिकामा. काल शेतातून येताना भेटले, पट्टा कंबरेला, अन् घराघरात तुरीच्या हिरव्या शेंगा खोचलेल्या. म्हणे पाहून राहिलो ढिला पडते का.

झाडीचा_पोट्टा
आमचे चार पट्टे केव्हा देता ते सांगा. डाकूची तालीम सुरू झाली अन् ऑर्गनवाल्यानं यंदा आधीच पैसे वाढवून मागितले.